गेलेला पैसा आणि ‘तसं केलं असतं तर’

सोमेश्वरकर | १२ सप्टेंबर २०२५, रात्री ९:५०

जुलैमधला एक रविवार. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात दुपारचं नाटक होतं आणि चार तिकिटं पंधरा दिवस आधीच काढून ठेवली होती, चारशेला एक. शनिवार रात्रीपासून पावसाने नुसतं झोडपून काढलं. सकाळी उठलो तर गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचे मेसेज, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो. त्यात सासूबाईंना कणकण. मी म्हटलं, "आई, राहू द्या, घरीच थांबू सगळे." त्याच म्हणाल्या, "अगं, सोळाशे रुपये आहेत. कुणी देणार आहे का परत?" आणि शाल गुंडाळून तयार झाल्या.

शालिमारला रिक्षातून उतरून आत जाईपर्यंत त्यांचा पदर ओला झाला. आत एसी. पहिला अंक त्या नीट बसल्या. मध्यंतरात चहाचा कप देताना त्यांच्या हाताला हात लागला तर चटका बसावा इतका तापलेला. उरलेलं नाटक सोडून घरी आलो. पुढे पाच दिवस ताप, डॉक्टर, रक्ततपासणी. आणि त्या बऱ्या होईपर्यंत माझ्या मनात एकच वाक्य: घरी थांबलो असतो तर.

आता त्या ठणठणीत आहेत. पण मला प्रश्न पडलाय तो हा, की हीच चार तिकिटं कुणी फुकट दिली असती तर आम्ही गेलो असतो का? नसतो. पाऊस तोच, ताप तोच, नाटक तेच. ते सोळाशे रुपये तर पंधरा दिवसांपूर्वीच गेले होते. घरी बसलो तरी गेलेले, नाट्यगृहात बसलो तरी गेलेले.

रिचर्ड थेलर यांनी १९८० साली एका लेखात जवळजवळ आमचीच गोष्ट लिहून ठेवली आहे. एक कुटुंब ४० डॉलर देऊन बास्केटबॉल सामन्याची तिकिटं घेतं, सामना घरापासून ६० मैलांवर, त्या दिवशी हिमवादळ येतं, तरी ते निघतात. आणि जाता जाता म्हणतात, तिकिटं कुणी फुकट दिली असती तर घरीच बसलो असतो. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा गेलेल्या पैशाला आपल्याकडे साधा शब्द आहे, बुडीत.

मला बोलायचंय ते याच्याही पुढचं. ‘घरी थांबलो असतो तर’ हे चित्र मी आठवडाभर रोज पाहिलं, अगदी बारकाव्यांसकट: खिडकीतला पाऊस, भजी, सासूबाई गोधडीत. पण रविवारी सकाळी, निर्णय माझ्या हातात असताना, हेच चित्र मी एकदाही डोळ्यांसमोर आणलं नाही. तेव्हा डोळ्यांसमोर होते फक्त सोळाशे रुपये. असं का होतं? ज्या क्षणी दुसरा पर्याय खरंच उपलब्ध असतो तेव्हा तो दिसत नाही, आणि हातातून गेल्यावर इतका स्पष्ट दिसतो?

तुमचे अनुभव लिहा. पैशांचेच असले पाहिजेत असं नाही.

---

पासधारक | १२ सप्टेंबर, रात्री १०:३५

ताई, सासूबाई बऱ्या झाल्या हे वाचून बरं वाटलं.

मी नाशिकरोडहून मुंबईला अप-डाउन करायचो, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस. एकदा द्वारकेच्या चौकात अडकलो आणि जिना उतरत असताना डोळ्यांसमोर शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला. त्याआधी एकदा मी चाळीस मिनिटं उशिरा पोचलो होतो, तेव्हा शांतपणे घरी परतून सुट्टी टाकली होती. या वेळी मात्र शेवटचा डबा दिसला आणि डोकं फिरलं. त्या दिवशी ऑफिसात माझ्याशिवाय अडेल असं काहीही नव्हतं. तरी तिरमिरीत पूर्ण टॅक्सी केली आणि कसारा घाटातून गाडी पकडायचीच अशा जिद्दीने गेलो. गाडी काही मिळायची नव्हती, मिळालीही नाही. साडेतीन हजार गेले, ते ‘दोन मिनिटं आधी निघालो असतो तर’ या वाक्यापायी.

---

कॉलेजरोड_वर्ग | १२ सप्टेंबर, रात्री ११:२०

@पासधारक, तुमचा हा अनुभव मी उद्या वर्गात सांगणार आहे. (मी मानसशास्त्र शिकवते.)

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली नेमकं हेच लोकांना विचारलं होतं. दोन गृहस्थ एकाच गाडीतून विमानतळाकडे निघालेत, दोघांच्या विमानांची वेळ एकच. वाहतूक कोंडीमुळे दोघंही अर्धा तास उशिरा पोचतात. एकाला कळतं, तुमचं विमान वेळेवर गेलं. दुसऱ्याला कळतं, तुमचं विमान उशिरा निघालं, पाचच मिनिटांपूर्वी गेलं. जास्त चडफडेल कोण? ९६ टक्के लोक म्हणाले, दुसरा. नुकसान दोघांचं सारखंच, पण दुसऱ्याला विमान मिळाल्याचं चित्र मनात रंगवणं फार सोपं. जे चित्र सहज रंगतं ते जास्त टोचतं.

आता सोमेश्वरकर यांचा प्रश्न, की चित्र आधी का दिसत नाही. यावर शेन फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना विचारलं, १४.९९ डॉलरचा, आवडत्या प्रकारच्या सिनेमाचा व्हिडिओ घ्याल का? एका गटापुढे पर्याय होते ‘घेईन’ आणि ‘घेणार नाही’. ७५ टक्के म्हणाले घेईन. दुसऱ्या गटापुढे ‘घेणार नाही’च्या जोडीला एवढंच लिहिलं, की १४.९९ डॉलर दुसऱ्या खरेदीसाठी ठेवेन. ‘घेईन’ म्हणणारे ५५ टक्क्यांवर आले. नवीन माहिती काहीच दिली नव्हती. व्हिडिओ घेतला नाही तर पैसे उरतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कुणीतरी शब्दांत मांडल्याशिवाय ते चित्र उभंच राहत नाही.

तुमच्याकडे त्या सकाळी कुणी म्हटलं असतं, "आज दुपारी घरी भजी करू, आईंना काढा देऊ", तर कदाचित निर्णय बदलला असता. "राहू द्या" या शब्दांतून कुठलंच चित्र उभं राहत नाही.

---

सोमेश्वरकर | १२ सप्टेंबर, रात्री ११:४०

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. खरंच मी फक्त "राहू द्या" म्हणाले होते.

---

विंचूररोड | १३ सप्टेंबर, सकाळी ६:१५

कांद्याचं लिहितो. डिसेंबर २०२३. लाल कांदा काढून पडला होता, ट्रॅक्टर भरायला माणसं मिळाली नाहीत म्हणून लासलगावला जायचं एक दिवस पुढं ढकललं. शेजाऱ्याने त्याच दिवशी नेला, त्याला क्विंटलला साडेतीन हजाराने गेला. ८ डिसेंबरला केंद्राची निर्यातबंदी लागू झाली. लिलाव बंद पडले, पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव पार खाली.

इथवर नशीब म्हणू. पुढची चूक माझी. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने राहतो, लाल कांदा तसा टिकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. तरी मी थांबलो. बाजारात उभा राहून पुकारा ऐकला की मनात साडेतीन हजारच वाजायचे. अठराशे म्हटलं की वाटायचं सतराशे रुपये कुणीतरी खिशातून काढून घेतले. माल परत घरी. असं दोनदा केलं. तिसऱ्या वेळी कोंब आलेला, काही खराब झालेला, प्रतवारीत खाली गेला. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला, तोवर माझा लाल कांदा कुठला राहायला.

साडेतीन हजार माझे कधी नव्हतेच. ते शेजाऱ्याचे होते. माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या, आज अठराशे घ्या नाहीतर पुढच्या आठवड्यात सडका माल विका. ते मला कोणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, ते सांगता येत नाही. बायको सांगत होती.

---

थॉमसनवाला | १३ सप्टेंबर, रात्री ८:०५

नमस्कार. मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण माझ्याकडे हा निर्णय आत्ता, या महिन्यातच उभा आहे. म्हणून सगळ्यांपुढे मांडतो.

निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग, भाऊ आणि मी. वडिलांनी लावलेली, आता चौदा वर्षांची. गेली तीन वर्षं हाती काही लागलं नाही. एकदा फुलोऱ्यात अवकाळी, एकदा काढणीच्या तोंडावर गारा, एकदा व्यापारी माल उचलून गेला आणि पैसे अडकले. यंदा तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात (जिथून पुढे नवी फूट येते तिथे) घड तयार व्हायचे जे दिवस असतात, त्या दिवसांत ऊन मिळालंच नाही. आजूबाजूला बागा तुटू राहिल्या. ज्याच्या बांधावर उभं राहून शिकलो, त्या काकांनीही मागच्या महिन्यात जेसीबी लावला.

आता गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आहे. एकदा छाटली की माघार नाही. डोळे फुटायला लावायची पेस्ट, मजुरी, डाऊनी रोगाच्या फवारण्या, घड औषधात बुडवायचं डिपिंग, काढणीपर्यंत आमचा खर्च एकरी दोन लाखांच्या पुढे जातो. भाऊ म्हणतो, "मंडपाला एवढे लाख घातले, ठिबक केलं, शेततळं केलं, आन् आता सोडू राहिला का?" मला उत्तर सुचत नाही. कारण रात्री मलाही तेच वाटतं. सोसायटीचं कर्जही बागेवरच काढलेलं. बाग गेली तर कर्ज कशाचं फेडतोय असं होईल.

दुसरीकडे रोज मनात येतं, २०२२ सालीच काढली असती तर. तेव्हा टोमॅटो लावला असता तर. या दोन्हींच्या मध्ये डोकं बंद पडलंय.

---

सिडको_निवृत्त | १३ सप्टेंबर, रात्री ९:३०

माझं वय ७१. वर कौतुक चाललंय त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही, म्हणून लिहितो.

झालेला खर्च विसरा, हे ऐकायला सोपं आहे. पण माणूस एवढ्या सहज विसरायला लागला तर कुठलीच गोष्ट तडीस जाणार नाही. मी सिडकोतलं घर सहा वर्षांत बांधलं. दोनदा काम थांबलं. ‘आता इतका पैसा घातलाय’ याच एका विचाराने तिसऱ्यांदा उभा राहिलो. द्राक्षाचंच घ्या. रोप लावल्यापासून पहिलं पीक हातात येईपर्यंत नुसता खर्चच असतो. दुसऱ्या वर्षी कुणी म्हटलं असतं, झालं ते बुडालं, सोडून द्या, तर या जिल्ह्यात एकही बाग उभी राहिली नसती. ज्यांनी पैसा घातला त्यांच्या शब्दाला आणि कष्टाला काही किंमत आहे की नाही?

थॉमसनवाला, तुमच्या वडिलांनी लावलेली बाग आहे. निर्णय कोणताही घ्या, घाईने घेऊ नका.

---

कॉलेजरोड_वर्ग | १३ सप्टेंबर, रात्री १०:१५

काका, तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो नीट सोडवला पाहिजे. बुडीत खर्च मोजू नका याचा अर्थ ‘सोडून द्या’ असा होत नाही. अर्थ एवढाच की आजपासून मोजा.

समजा घरावर सहा लाख झालेत, आणखी एक लाखात घर पूर्ण होतं आणि त्या घराची तुम्हाला किंमत आहे तीन लाख. एकूण पाहिलं तर व्यवहार तोट्याचाच. तरी तो एक लाख घालायलाच हवा, कारण आजपासून पुढे एक देऊन तीन मिळतात. तुमचं घर या हिशोबाने पूर्ण करणंच योग्य होतं, आणि दुसऱ्या वर्षीची द्राक्षबाग टिकवणंही, कारण खर्च मागे पडलेला असतो आणि पीक सगळं पुढे असतं. आता उलटं बघा: सहा घातलेत, अजून दोन घालायचे आणि येणार एक. इथे ‘सहा घातलेत’ हे वाक्य तुम्हाला आणखी एक लाखाच्या खड्ड्यात ढकलतं.

शब्दाचं म्हणाल तर तेही बरोबर आहे. कुणाला दिलेला शब्द हा मागचा खर्च नसतो. तो मोडला तर उद्याचा विश्वास जातो, म्हणजे ती पुढच्या हिशोबातली गोष्ट.

---

सिडको_निवृत्त | १३ सप्टेंबर, रात्री १०:४०

‘आजपासून मोजा’ पटलं. पण लोक जेव्हा तोडून म्हणतात ‘गेलं ते गेलं’, तेव्हा ते मोजत नसतात, थकलेले असतात. हेही ध्यानात ठेवा.

---

अकरावीची_आई | १४ सप्टेंबर, दुपारी २:१०

काल रात्रीपासून हे वाचतेय आणि माझ्याच घरचं वाचतेय असं वाटतंय. लेक अकरावीला. जेईईचा दोन वर्षांचा क्लास लावला, फी दोन हप्त्यांत, पहिला ७० हजारांचा भरून झाला. जूनपासून पोरगी कोमेजत चाललीय. तिला आर्किटेक्चरला जायचंय, कागद दिसला की प्लॅन काढत बसते. क्लासवाल्यांनी सांगितलं, परतावा नाही. मी तिला रोज ऐकवायचे, सत्तर हजार भरलेत. एकदा तिने अगदी शांतपणे विचारलं, "आई, मी तिथे बसले की ते परत येतात का?" मला तेव्हा राग आला होता.

काल कॉलेजरोड_वर्ग यांनी लिहिल्यावर कागद घेतला आणि तिच्याजवळ बसले. सत्तर हजार लिहिलेच नाहीत. लिहिलं ते एवढंच: दुसरा हप्ता ७० हजार, रोजचे साडेपाच तास, तेही दीड वर्ष. आणि समोरच्या रकान्यात हाच पैसा आणि हेच तास आर्किटेक्चरच्या प्रवेशाच्या नाटा परीक्षेला, चित्रकलेला, गणिताच्या साध्या शिकवणीला दिले तर काय. हा दुसरा रकाना लिहिताना ती माझ्या खांद्याला रेलून बसली होती. खूप दिवसांनी.

हप्ता भरायची मुदत ३० तारखेला आहे. अजून बाबांशी बोलायचंय.

---

पासधारक | १४ सप्टेंबर, दुपारी ३:००

ताई, बाबांना तोच कागद दाखवा, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलं की पहिला प्रश्न सत्तर हजारांचाच येणार.

---

विंचूररोड | १४ सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

थॉमसनवाला दादा, शेतकरी म्हणून सांगतो.

एक, कर्ज. बाग ठेवली तरी फेडायचंय, काढली तरी फेडायचंय. ते दोन्हीकडे सारखंच, म्हणून बाग ठेवावी का काढावी या हिशोबातून ते बाजूला काढा. फेडायला पैसा कुठून जास्त येईल एवढंच बघा.

दोन, भाऊ मंडपाचं म्हणतो ते अगदी चूक नाही. मंडपाला किती लागले ते गेले. पण मंडप आज उभा आहे. अँगल, तारा, ठिबक, शेततळ्यातलं पाणी, यांचा आजचा उपयोग आहे. आमच्याकडे एकाने वेल काढले, मंडप ठेवला आणि त्यावर दोडका, कारली घेतली. लागलेला खर्च आणि आजची किंमत या दोन गोष्टी भाऊ एकत्र करून बोलतोय. त्या वेगळ्या केल्या तर भांडण निम्मं होईल.

तीन, आणि हेच मुख्य. छाटणीआधी काडी तपासून घ्या. प्रत्येक प्लॉटच्या काड्या वेगळ्या बांधून न्या. डोळ्यात घड आहे का नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. २०२२ साली काय करायला हवं होतं ते आता कोणी सांगू शकत नाही. यंदाच्या डोळ्यात काय आहे ते मात्र बघता येतं.

---

सोमेश्वरकर | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

विंचूररोड, मी नाटकाच्या तिकिटावरून धागा काढला आणि तुम्ही तो खऱ्या जागी नेऊन ठेवलात.

थॉमसनवाला, एक विनंती. ‘२०२२ सालीच काढली असती तर’ हे मनात येईल तेव्हा त्याला हाकलत बसू नका, माझ्याने ते झालं नाही. त्याच जोमाने २०२६ चं चित्र रंगवून बघा. बाग ठेवली तर पुढच्या मार्चमधला एक दिवस, काढली तर मार्चमधला एक दिवस. भावालाही रंगवायला सांगा. दोघांची चित्रं वेगळी निघाली तर निदान कशावर बोलायचं ते कळेल.

---

कॉलेजरोड_वर्ग | १४ सप्टेंबर, रात्री ९:५०

आणखी एक भर, भावाशी बोलताना उपयोगी पडेल. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहातला आहे. हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्या पहिल्या ६० जणांपैकी काहींना पूर्ण १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना २ डॉलर सवलतीत, काहींना ७ डॉलर सवलतीत. नाटकं सगळ्यांना तीच. हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. पुढच्या निम्म्यात तो फरक उरला नाही. म्हणजे भरलेल्या पैशाची धग काळाने ओसरते. भाऊ आज अडून बसलाय म्हणजे कायमचा अडेल असं नाही. त्याला चार दिवस द्या, मुद्दा जिंकायला जाऊ नका.

---

थॉमसनवाला | २४ सप्टेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला, माफ करा. पाऊस मागे लागला होता.

तीन प्लॉटच्या काड्या तीन वेगवेगळ्या रंगांच्या सुतळीने बांधून नेल्या. भावाला मुद्दाम बरोबर नेलं. तपासणाऱ्या मॅडमनी डोळा मधोमध कापून त्याला नळीतून बघायला लावलं. हिरव्या सुतळीचा, म्हणजे वरच्या मुरमाड एकराचा डोळा: आत घडाचा बारीक कोंब, त्यालाही ओळखू आला. मग खालच्या काळ्या रानातल्या दोन एकरांचे. एकामागून एक दहा-बारा डोळे बघितले त्याने. बहुतेकांत घडच नव्हता, नुसता बाळीसारखा वळलेला ताणा, ज्याला फळ येत नाही. तो काही बोलला नाही. परत येताना चांदोरीजवळ चहाला थांबलो, तेव्हा म्हणाला, "खालचं काढू. मंडप राहू दे."

वरचा एकर ठेवतोय, छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. खाली तारांना हात लावणार नाही, वेल तेवढे कापायचे, थंडी सरली की दोडका. मंडपाचा आकडा यात कुठे आला नाही.

आईला सांगायचं राहिलं होतं. ती काल स्वतःच खालच्या बागेत जाऊन आली. वडिलांनी लावलेल्या पहिल्या ओळीतला कडेचा एक वेल ठेवा म्हणाली, घराच्या सावलीला. तो ठेवतोय.

---

अकरावीची_आई | २४ सप्टेंबर, रात्री १०:५५

दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आमचे बाबा कागद बघून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: ‘रविवारी मी तिला भूमिती शिकवीन.’ हप्ता भरत नाही आहोत.